गिरकीचा तोल

आमच्या घरात सध्या अजगराचं एक पिल्लू वाढतंय. नाव गिरकी. अजगर म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर भलंमोठं धूड येतं, म्हणून आधीच सांगते, ही आफ्रिकेतली लहान जात आहे. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातली. इथे ब्रिटनमध्ये तिला रॉयल पायथन म्हणतात, अमेरिकेत बॉल पायथन. पूर्ण वाढलेली मादी साधारण चार-साडेचार फुटांची होते. विष नसतं. घाबरली की अंगावर यायच्या ऐवजी डोकं आत घेऊन स्वतःचा घट्ट चेंडू करते. गिरकी आली तेव्हा दोन वितींपेक्षा कमी लांबीची होती आणि वजन होतं 58 ग्रॅम.

तिला मान सावरता येत नाही. जन्मापासून. एका पैदासकाराच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपैकी हे पिल्लू फार हेलकावे खातं म्हणून कुणी घेईना, आणि ते कुणाच्या तरी ओळखीने माझ्यापर्यंत आलं. माझ्यापर्यंतच का, तर मी फिजिओथेरपिस्ट आहे. लीड्समधल्या एका रुग्णालयात तोल गेलेल्या माणसांना परत चालतं करणं हे माझं रोजचं काम. साप पाळायचा छंद नवऱ्याचा, त्याच्याकडे आधीपासून दोन कॉर्न स्नेक आहेत. पण गिरकी माझी.

सुरुवातीला मी तिच्याकडे नुसती बघत बसायचे. नवीन पेशंट खोलीत शिरताना बघते तसंच. ती सरळ निघते, अंग छान लहरत पुढे येतं, आणि मग डोकं हलकेच उजवीकडे कलायला लागतं. हनुवटी वर उचलली जाते. मान पिळवटते आणि गळ्याखालचे पांढरे खवले छताकडे होतात. त्या अवस्थेत, उलट्या डोक्याने, ती जीभ बाहेर काढून वास घेत राहते. मागचं अंग मात्र आपल्या वाटेने पुढे सरकतच असतं. मग पीळ सुटतो, डोकं खाली येतं, थोडं इकडेतिकडे डुलतं आणि प्रवास पुन्हा सुरू. एक गोष्ट मला लवकर दिसली. दोष पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात आहे, मागचे स्नायू उत्तम आहेत. बोटाला शेपटीचा विळखा घालते तेव्हा तिची ताकद चांगली जाणवते. आणि ती शांत पडलेली असली की डोकं अगदी स्थिर असतं. भूक लागली, कुणी अचानक झाकण उघडलं, उजेड पडला, की हेलकावे वाढतात.

तरी मी माणसांची थेरपिस्ट, सापांची नाही. त्यामुळे आधी पशुवैद्य. इथेसुद्धा सरपटणाऱ्या प्राण्यांचं जाणणारा डॉक्टर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत नाही, आम्हाला तासभर गाडी चालवून जावं लागतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी गिरकीला तळहातावर पाठीवर झोपवलं. निरोगी साप अशा वेळी क्षणात पालथा होतो, डोक्यापासून सुरुवात करून मागे मागे. गिरकीचं अंग पालथं झालं, पण डोकं मागे राहिलं, आधी चुकीच्या बाजूला वळलं आणि मग कसंबसं जागेवर आलं. मग त्यांनी तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, हनुवटीच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडेला गोचिडीसारखे बारीक किडे आहेत का ते भिंगाने तपासलं, मणक्याचा एक्स-रे काढला.

आणि प्रश्न विचारले, पुष्कळ. पेटी कधी जास्त तापली होती का? किडे मारायचं औषध जवळपास फवारलं होतं का? काय खातं? कुठल्या सापांशेजारी ठेवलं होतं? हे प्रश्न मला फार आवडले. कारण मान अशी वर पिळवटणं हे एकाच कारणाने होत नाही. उष्णतेने मेंदूला इजा झाली तरी होतं. पर्मेथ्रिनसारख्या कीटकनाशकाने होतं. फक्त मासे खाऊन वाढवलेल्या गार्टर स्नेकसारख्या सापांत ब-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होतं. आणि सगळ्यांत भीती ज्याची, तो इन्क्लुजन बॉडी डिसीज, रेप्टअरीनाव्हायरस नावाच्या विषाणूंमुळे अजगर आणि बोआ जातीच्या सापांना होणारा, त्यातही होतं. तो झाला तर घरातल्या इतर अजगर-बोआंनाही धोका. म्हणून रक्त आणि घशातला स्वॅब तपासायला गेला, आणि अहवाल येईपर्यंत गिरकी वेगळ्या खोलीत, तिचा चिमटा वेगळा, तिचं भांडं वेगळं. अहवाल चांगला आला. मणकाही सरळ निघाला, कुठे गाठ नाही, कोन नाही.

तुमच्या ओळखीत कुणाचा आजवर धडधाकट असलेला साप अचानक असा मान पिळायला लागला, तर ‘त्या जातीत असतंच’ म्हणून स्वस्थ बसू देऊ नका. डॉक्टरकडे न्यायला लावा.

गिरकीच्या बाबतीत खरं उत्तर तिच्या अंगावरच लिहिलेलं होतं. साध्या रॉयल पायथनच्या पाठीवर गडद तपकिरी आणि बदामी रंगाचे मोठे ठसे असतात. गिरकीचा रंग मधासारखा, आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यागत बारीक काळ्या रेघा. या नक्षीला व्यापारात स्पायडर म्हणतात. 1999 साली आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या अशा नक्षीच्या एका अजगरापासून ही पैदास सुरू झाली. जनुक प्रभावी असल्यामुळे स्पायडर आणि साधा अजगर एकत्र आणले तर सरासरी निम्मी पिल्लं नक्षीची निघतात, त्यामुळे ती भराभर पसरली. आणि नक्षीसोबत हा तोलाचा दोषही गेला. कुणात इतका सौम्य की रोज बघणाऱ्यालाच कळावा, कुणात गिरकीसारखा. आईबापांत दोष सौम्य असला म्हणून पिल्लांत सौम्यच येईल असंही नाही.

2022 साली जर्मनीतल्या संशोधकांनी अशा अजगरांच्या कवट्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन करून दाखवलं की बिघाड आतल्या कानात आहे. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या वेड्यावाकड्या बनलेल्या, आणि खाली-वर कळण्यासाठी जी छोटी पिशवी असते ती लहान आणि विचित्र आकाराची. तो शोधनिबंध वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण या नळ्यांशी माझी रोजची गाठ आहे. माणसाच्या कानात याच तीन नळ्या असतात. त्यांत कणी सुटून अडकली की माणसाला कुशीवर वळताना खोली फिरल्यासारखी वाटते, आणि डोकं ठरावीक क्रमाने वळवून ती कणी जागेवर नेली की बऱ्याचदा तो माणूस त्याच दिवशी सुधारून घरी जातो. तोलाच्या नसेला सूज आली असेल तर व्यायामाने मेंदू नव्याने शिकतो. गिरकीच्या बाबतीत यातलं काहीच लागू नाही. नळी घडतानाच वाकडी घडली. तिला औषध नाही, व्यायाम नाही, शस्त्रक्रिया नाही.

मला या सगळ्या प्रकाराचा मनापासून राग आहे, आणि तो मी लपवत नाही. अंगावरच्या रेघा सुंदर दिसतात म्हणून तोल नसलेले जीव जाणूनबुजून जन्माला घालायचे, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. साप-सरडे पाळणाऱ्यांच्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने 2018 साली आपल्या प्रदर्शनांत स्पायडर अजगरांच्या विक्रीवर बंदी आणली, ती योग्यच होती. ‘खातात-पितात, वाढतात, मग बिघडलं कुठे’ असा युक्तिवाद मी ऐकलाय. माझे पेशंटही खातात-पितात. गिरकीची पैदास मी कधीच करणार नाही, आणि ती कुणाला देणारही नाही. रॉयल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतात. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने 2020 साली साठी उलटल्यावर अंडी घातली होती. म्हणजे ही दीर्घ सोबत आहे, हे धरूनच मी तिला घेतलं.

जीव बदलता येत नसेल तर घर बदलायचं. पायऱ्या चढता न येणाऱ्या आजींची खोली आम्ही तळमजल्यावर हलवायला सांगतो, त्यातलाच हा भाग.

गिरकीची पेटी म्हणजे झाकणाचा एक ठेंगणा प्लास्टिकचा डबा, बाजूंना हवेसाठी भोकं पाडलेली. एका टोकाला खालून हीट मॅट, थर्मोस्टॅटला जोडलेली. गरम बाजू 31-32 अंश, थंड बाजू 25-26. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावूच नये, सापाला पोटाखालचं भाजणं वेळेवर कळत नाही आणि भयंकर जखमा होतात. गिरकीसाठी हे जास्तच महत्त्वाचं, कारण जास्त तापलं की तिचे हेलकावेही वाढतात. डब्यात उंच काही नाही. निरोगी रॉयल पायथनला फांदी दिली तर तो आनंदाने चढतो. हिला दिली तर उलटी होऊन पडेल. तळाला टिश्यू पेपर घातला होता तेव्हा ती त्यावर घसरायची, म्हणून आता खरबरीत, न सुटणारी चटई आहे, रबराच्या जाळीची, त्यावर कागद. पोटाच्या खवल्यांना पकड मिळाली की तिचं पुढचं अंग कमी भरकटतं.

लपायच्या जागा दोन, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि दोन्ही अगदी घट्ट मापाच्या. हे जंगली सवयीला धरूनच आहे, कारण रानात हे साप उंदीर-घुशींच्या बिळांत आणि वारुळांत राहतात. पण गिरकीला त्याचा आणखी एक फायदा होतो. आतल्या कानाकडून खबर मिळत नाही तेव्हा माणूस डोळ्यांवर आणि स्पर्शावर भिस्त ठेवतो. पेशंट भिंतीला नुसतं बोट लावून चालला तरी त्याचा झोक कमी होतो. गिरकीलाही चारी बाजूंनी काहीतरी टेकलं की मान शांत होते. मोठ्या लपणीत ठेवली तर आतसुद्धा डुलत बसायची. घट्ट लपणीत तोंड दाराशी ठेवून निवांत.

पाण्याचं भांडं जड आणि अगदी उथळ, कडा गोल. डोकं उलटं होऊन पाण्यात गेलं तर वर काढायला तिला वेळ लागतो. मी ते स्वतः पाहिलंय, त्यामुळे बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त पाणी मी कधीच ठेवत नाही. भांडं दिवसातून दोनदा बदलायला लागतं, लागू दे.

आता जेवण. सगळी परीक्षा इथेच असते.

रॉयल पायथनच्या वरच्या ओठावर खळग्या असतात, त्यांतून त्यांना भक्ष्याच्या अंगाची ऊब ‘दिसते’. निरोगी पिल्लू ऊब हेरतं, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे घेतं आणि झडप घालतं. गिरकीचीही मान मागे जाते, पण झडप घालायच्या क्षणी डोकं कुठे असेल याचा भरवसा नाही. उंदराच्या डावीकडे जाते, वरून जाते, कधी डब्याच्या भिंतीवर आदळते. भिंतीवर आदळून दात मोडले की तोंडात जखम होते, जखम चिघळते. म्हणून तिचं झडप घालणंच कमीत कमी लागावं अशी सगळी तजवीज.

इथे गोठवलेले उंदीर मिळतात, जिवंत द्यायचा प्रश्नच नाही. तिच्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के, म्हणजे सुरुवातीला सहा-सात ग्रॅमचं, नुकतीच लव फुटलेलं उंदराचं पिल्लू. रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यायचं, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नाही. देण्याआधी डोक्याचा भाग जरा जास्त गरम पाण्यात बुडवून कोरडा करते, म्हणजे ऊब नेमकी तिथे असते जिथून तिने धरायला हवं. खोलीतला दिवा बंद, दाराबाहेरचा चालू. सगळे लोक शिकवतात की चिमट्याने उंदीर जरा नाचवा, म्हणजे सापाला जिवंत वाटतो. गिरकीसमोर नाचवला की ती इतकी उत्तेजित होते की मान भोवऱ्यात सापडते. म्हणून मी लांब चिमटा लपणीच्या तोंडाशी नेते आणि हात अजिबात हलवत नाही. तिच्या नाकापासून दोन बोटांवर, तिच्याच उंचीला. मनगट पेटीच्या कडेवर टेकवून ठेवते.

मग वाट बघायची. जीभ येते. डोकं कलतं, वर जातं, परत खाली येतं. जीभ परत येते. तिचं नाक उंदराच्या नाकाला जवळजवळ लागतं, आणि त्या अंतरावरून चुकायला जागाच उरत नाही. पकड बसते, अंगाची वेटोळी पडतात, आणि एकदा का वेटोळी पडली की काय गंमत होते बघा, डोक्याचे हेलकावे थांबतात. तिला धरायला काहीतरी मिळालेलं असतं. गिळताना डोकं पुन्हा कधी उलटं होतं, पण जबडे आपलं काम करत राहतात, डावा पुढे, उजवा पुढे. शेपटीचं टोक आत गेलं की ती एक मोठी जांभई देते आणि जबडा जागेवर बसवते. मी तेव्हा श्वास सोडते.

ज्या दिवशी अजिबात जमत नाही त्या दिवशी गरम उंदीर लपणीच्या दाराशी ठेवून झाकण लावून निघून जाते. सकाळी तो बहुतेक वेळा नाहीसा झालेला असतो. नसला तर फेकून द्यायचा आणि आठवडाभर तिला त्रास द्यायचा नाही. रागावून तोंडात कोंबायचं तर मुळीच नाही. जेवल्यावर दोन दिवस तिला हातही लावायचा नाही, नाहीतर उलटून टाकते, आणि एवढ्याशा जिवाला ते फार महाग पडतं.

हातात घ्यायचं ते थोडा वेळ आणि पूर्ण आधार देऊन. एक हात मागच्या अंगाखाली, दुसऱ्याची बोटं पसरून गळ्यापासून थोडं मागे. मान लोंबकळू द्यायची नाही. माझी नऊ वर्षांची मुलगी हे माझ्यापेक्षा चांगलं करते. तिची बोटं लहान आहेत आणि तिला घाई नसते.

कात टाकायच्या आधी डोळे निळसर दुधाळ होतात, दिसणं कमी होतं, आणि त्या आठवड्यात मान जास्त फिरते. तेव्हा एका लपणीत ओलं मॉस, पेटीत आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास, आणि तिला एकटं सोडणं. बाकी काही नाही.

माझ्या आईचं माहेर बत्तीस शिराळ्याचं. तिथली जिवंत नागांची नागपंचमी तिने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली, न्यायालयाच्या आदेशाने ती थांबली तेव्हा हळहळलेली. आजही त्या दिवशी आमच्या घरी काही चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही. लेकीने घरात साप आणलाय हे ऐकून ती घाबरेल असं वाटलं होतं. व्हिडिओ कॉलवर तिने गिरकीला मान फिरवताना पाहिलं आणि विचारलं, “तिला गरगरतं का गं?”

इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. जन्मतः ज्यांच्या कानाचा हा भाग काम करत नाही ती माणसं सहसा गरगरल्याची तक्रार करत नाहीत, कारण त्यांच्या मेंदूने दुसरं काही अनुभवलेलंच नसतं. पण गिरकी माणूस नाही, तिच्या वतीने मी काही ठरवू शकत नाही. म्हणून डॉक्टरबाईंनी जे बघायला सांगितलंय तेच मी बघते. खाते का. वजन वाढतं का. शी वेळेवर होते का. कात एकसंध उतरते का. उलटी झाली तर आपली आपण सुलटी होते का. तोंडाला जखम नाही ना. हे सगळं एका वहीत लिहिते. यातलं एकेक बिघडत गेलं आणि सुधारलं नाही, तर तिला शांतपणे कायमचं झोपवायचं, हे आमचं आधीच बोलून झालंय. इथल्या 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याने पाळणाऱ्यावर जबाबदारी टाकलीय, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

आईला मी इतकंच सांगितलं, की खाते नीट, वाढतेय. ती म्हणाली, “मग दूध नको हो देऊस, आमच्याकडे द्यायचे ते चुकीचंच होतं.”

भारतातल्या माझ्या भाचरांना हे वाचून साप पाळायची इच्छा होईल, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे, जखमी असला तरी. परदेशी रॉयल पायथन असेल तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि घराजवळ सरपटता न येणारा साप दिसला तर हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, नाहीतर गावातल्या ओळखीच्या सर्पमित्राला. तो साप कुठला आहे, त्याला काय झालंय, हे ओळखणं तुमचं काम नाही.

गिरकी आता 240 ग्रॅमची आहे. मान तशीच फिरते, ती तशीच फिरणार. मात्र उलटी झाली तर पूर्वीपेक्षा लवकर सावरते, बहुधा अंगात ताकद आल्यामुळे. पुढच्या महिन्यात तिला 90 सेंटिमीटर लांबीची लाकडी पेटी करतोय. लांबी वाढेल, उंची तीसच सेंटिमीटर ठेवायला सांगितलीय. नवऱ्याने बुचाच्या झाडाच्या सालीचे आडवे, पोकळ तुकडे आणलेत, जमिनीवर ठेवायला, आतून जाता येईल असे. त्यातल्या दोन तुकड्यांची तोंडं जरा रुंद आहेत, ती भरून घट्ट करायची आहेत.